घोड्यांच्या गळ्यात विजेचा पट्टा नको: अश्वारोहण संस्थेच्या कार्यकारी समितीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि कार्यकारी समितीचे सर्व सदस्य यांस,

विषय: घोड्यांच्या खोडी मोडण्यासाठी रिमोटवर चालणारा विजेचा पट्टा वापरण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत.

महोदय, महोदया,

समितीने नुकतेच एक परिपत्रक काढले आहे. लाकूड दातांत धरून वारा गिळणे, ठाणावर उभ्या उभ्या डोलत राहणे, भिंतीला लाथा मारणे, चावा घेणे आणि खोगीर चढवताना त्रास देणे या सवयी असलेल्या घोड्यांच्या गळ्यात यापुढे विजेचा झटका देणारा पट्टा बांधला जाईल, प्रशिक्षक तो रिमोटच्या बटणाने चालवतील आणि मालकांनी लेखी संमती दिल्यास खासगी घोड्यांसाठीही तो उपलब्ध होईल, असे त्यात म्हटले आहे. परिपत्रकावर सह्या आहेत, पण निर्णयाला कोणत्या पशुवैद्याचा आधार आहे, कोणत्या घोड्याची कोणती तपासणी झाली आणि हा पट्टा किती दिवस वापरायचा, याविषयी त्यात एक ओळही नाही. माझी घोडी याच तबेल्यात राहते, संस्थेच्या इतर घोड्यांवरही मी स्वार होते आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांना खरारा करायला, लगाम चढवायला शिकवते. त्यामुळे हा विषय माझ्यापुरता केवळ मताचा नाही. समितीला खासगीत लिहून उत्तर आले नाही, आणि हा प्रश्न आपल्या फाटकाच्या आतला राहिलेला नसल्यामुळे हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

सर्वांत मोठी हरकत अशी की, परिपत्रकातील सवयींपैकी निदान पहिल्या दोन सवयी शिस्तीच्या अभावातून आलेल्याच नाहीत. आपण घोड्यांना ज्या पद्धतीने ठेवतो, त्यातून त्या आल्या आहेत. मोकळ्या रानात कळपाने राहणारा घोडा दिवसाचे बारा-पंधरा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, मग खाणे चालू असो वा नसो. त्या आम्लाचा जोर कमी करणारी लाळ मात्र केवळ घास चावतानाच सुटते. आता आपल्या तबेल्यातील दिनक्रम पाहा. संध्याकाळची वैरण रात्र पडण्याआधीच संपते, सकाळी पहिल्यांदा हाती पडते ती चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, आणि या दोहोंच्या मधले तास घोडा चार भिंतींत रिकाम्या पोटाने उभा असतो. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात, लाकूड धरू लागलेल्या शिंगरांच्या जठरात इतर शिंगरांपेक्षा अधिक जखमा आणि दाह आढळला. आम्लरोधक घटक असलेला आहार दिल्यावर जठराची अवस्था सुधारली आणि लाकूड धरण्याकडेही कल कमी होताना दिसला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, शिंगरांवर चार वर्षे लक्ष ठेवून केलेल्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले की, आईपासून तोडल्यानंतर ज्यांना धान्याचा खुराक सुरू केला गेला, त्यांच्यात ही सवय लागण्याचा संभव सुमारे चौपट होता. मग जठर दुखते म्हणून लाकूड धरणाऱ्या प्राण्याच्या मानेला झटका देऊन आपण नक्की काय दुरुस्त करणार आहोत?

डोलण्याचेही तेच. ज्या घोड्याला शेजारचा घोडा दिसत नाही, तो अनेकदा दाराशी उभा राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलू लागतो. ठाणाच्या भिंतीत जाळीची खिडकी काढून शेजारी दिसतील अशी व्यवस्था केली की डोलणे कमी होते, आणि भिंतीवर आरसा लावला तरीही कमी होते, हे या शतकाच्या आरंभीच प्रयोगांनी दाखवून दिले आहे. आरसा म्हणजे सोबती नव्हे, आणि काही घोडे आरशातील प्रतिमेवर धावूनही जातात, म्हणून मी त्याला सर्वांवरचा उपाय म्हणत नाही. पण आरशाला बॅटरी लागत नाही आणि त्याने कोणाच्या मानेवर वळ उठत नाहीत, एवढे समितीने लक्षात घ्यावे.

'एकाचे पाहून दुसरा शिकतो, म्हणून ताबडतोब बंदोबस्त हवा' असेही परिपत्रकात सुचवले आहे. ही समजूत जुनी आहे, पण तिला भक्कम आधार नाही. एकाच तबेल्यात पाच घोडे लाकूड धरत असतील, तर त्या पाचही घोड्यांची वैरण, कोंडलेपण आणि दिनक्रम एकच असतो, हे त्याचे अधिक साधे कारण आहे.

दुसरी हरकत, जी मला वैयक्तिकरीत्या सर्वाधिक अस्वस्थ करते, ती माणसांच्या सुरक्षिततेची आहे. चावणाऱ्या आणि लाथा झाडणाऱ्या घोड्यांमुळे मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या कामगारांना, दुखापती होतात म्हणून पट्टा आणला, असा समितीचा युक्तिवाद आहे. दुखापती होतात हे खरे आहे आणि त्याविषयी काही करायलाच हवे, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. परंतु झटका बसल्यावर घोडा काय करतो, याचा विचार झालेला दिसत नाही. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. अचानक, कोठून आली ते न कळणारी वेदना झाली की तो उधळतो, आणि बांधलेला किंवा कोंडलेला असल्यामुळे पळता आले नाही तर दुगाण्या झाडतो, मागच्या पायांवर उभा राहतो किंवा जवळ जे असेल त्यावर तोंड टाकतो. त्या क्षणी रिमोट हातात असलेला प्रशिक्षक सुरक्षित अंतरावर उभा असतो, आणि कासरा धरलेला मोतद्दार, खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळणारा मुलगा किंवा खुरातली माती काढण्यासाठी वाकलेली मुलगी घोड्याच्या खुरांच्या टप्प्यात असते. बटण एकाने दाबायचे आणि लाथ दुसऱ्याने खायची, ही कामाची विभागणी कोणत्याही मोतद्दाराला विचारून ठरवलेली नाही. परिपत्रक निघण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाशीही चर्चा झाली नाही, हे त्यांनीच मला सांगितले.

याच्याशी निगडित असा एक सोपा प्रश्न आहे. घोडा त्या वेदनेचा संबंध कशाशी जोडेल? आपल्याला वाटते की त्याने चावा घेतला म्हणून झटका बसला, हे त्याला उमगेल. पण झटक्याच्या क्षणी तो ज्याच्याकडे पाहत असेल, ज्याचा वास घेत असेल, ज्याचा आवाज ऐकत असेल, त्याच्याशीही तो ती वेदना जोडू शकतो. समोरून जाणारा दुसरा घोडा, चंदीची बादली, खोगीर, लाल सदरा घातलेले मूल, काहीही. शिक्षा कृतीच्या त्याच क्षणी आली नाही, बटण दाबायला थोडा जरी उशीर झाला, तरी घोडा तोवर ती कृती सोडून दुसरेच काही करत असतो आणि झटका त्या दुसऱ्या गोष्टीला बसतो. म्हणजे चावा घेऊन मान मागे घेतलेल्या घोड्याला, मान मागे घेतल्याची शिक्षा मिळते.

पट्ट्याचे समर्थक म्हणतात की, चाबकापेक्षा हे बरे, कारण झटका देणारा माणूस घोड्याला दिसत नाही आणि त्याचा माणसावरचा विश्वास टिकतो. हा दावा ऐकला की मला बर्लिनचा हान्स आठवतो. टापा मारून गणितांची उत्तरे देतो म्हणून गाजलेल्या या घोड्याची परीक्षा मानसशास्त्राचे अभ्यासक ओस्कार प्फुंग्स्ट यांनी घेतली आणि १९०७ मध्ये दाखवून दिले की, हान्सला गणित येत नव्हते. प्रश्नकर्त्याला स्वतःलाही जाणवत नव्हती अशी त्याच्या डोक्याची आणि शरीराची बारीकशी हालचाल पाहून तो टाप मारणे थांबवत होता. ज्या प्राण्याला माणसाच्या देहातील एवढा सूक्ष्म ताण टिपता येतो, त्याला खिशात हात घालून आपल्याकडे टक लावून उभा असलेला प्रशिक्षक ओळखता येणार नाही, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. तो फार लवकर एवढेच शिकेल की अमुक माणूस समोर असताना लाकूड धरायचे नाही. आणि लाकूड धरणारा घोडा दिवसभरात शेकडो वेळा लाकूड धरतो, रात्रीही धरतो. तेव्हा बटण कोण दाबणार आहे?

तिसरी गोष्ट, 'शांत झाला' या निष्कर्षाविषयी. एका घोड्यावर पट्टा वापरून पाहिल्यानंतर तो 'पूर्ण शांत झाला' असे समितीच्या सदस्यांनी उघडपणे सांगितले आहे. मीही तो घोडा पाहते. तो आता दाराशी येत नाही, कान अर्धवट मागे ठेवून मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, आणि हाक मारली तरी मान वळवत नाही. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर केलेला प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. ज्या कुत्र्यांना थांबवता न येणारे विजेचे झटके आधी दिले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुढे अडथळा ओलांडून सुटका करून घेणे शक्य असतानाही प्रयत्नच सोडून दिले आणि ते झटके सोसत पडून राहिले. त्या कुत्र्यांनाही बाहेरून पाहणारा कोणी शांतच म्हणाला असता. घोड्याच्या बाबतीत ही चूक आणखी सहज होते, कारण शिकार होणारा प्राणी म्हणून वेदना लपवणे हे त्याच्या स्वभावातच आहे.

शिवाय, सवय दाबली म्हणून तिच्यामागची गरज जात नाही. लाकूड धरणाऱ्या घोड्यांना काही काळ त्यापासून रोखून मग मोकळीक दिली, तर ते आधीपेक्षाही अधिक वेळा लाकूड धरतात, ही नोंद १९९८ पासून अभ्यासकांसमोर आहे. ही सवय मोडण्यासाठी माणसाने काय काय करून पाहिले, हेही समितीने जाणून घ्यावे. मानेभोवती आवळपट्टे बांधले, आणि १९२६ मध्ये स्वीडनच्या फोर्सेल यांनी वर्णन केलेल्या शस्त्रक्रियेत तर गळ्याखालचे स्नायूच काढून टाकले जात. एवढे होऊनही कित्येक घोडे पुन्हा त्याच सवयीकडे वळले. जे स्नायू काढूनही गेले नाही, ते बटण दाबून जाईल असे समजण्यास मला तरी काही कारण दिसत नाही. जुनी सवय वैरण आणि सोबत सुधारूनही पूर्ण जात नाही, हे मी मान्य करते. दात झिजतात आणि एका विशिष्ट प्रकारच्या पोटशुळाशी तिचा संबंधही आढळला आहे. पण त्यासाठी दात वेळेवर तपासणे आणि पोटाकडे लक्ष ठेवणे हा मार्ग आहे.

खोगीर चढवताना त्रास देणाऱ्या घोड्यांबद्दल तर मला समितीला कळकळीने सांगायचे आहे. स्वारीच्या वेळी दिसणाऱ्या वेदनेच्या खुणांची जी यादी २०१८ पासून पशुवैद्य वापरतात, तिच्यात २४ वर्तने आहेत. कान मागे टाकणे, शेपटी झटकत राहणे, तोंड उघडे ठेवणे, अडखळणे, पुढे जाण्यास नकार देणे अशा त्या खुणा आहेत, आणि त्यांपैकी ८ किंवा अधिक एकाच घोड्यात दिसल्या तर स्नायू किंवा सांध्यांचे दुखणे असण्याचा दाट संभव मानला जातो. परिपत्रकात 'खोड' म्हणून नोंदवलेल्या वर्तनांची या यादीशी तुलना करून पाहावी. तंग आवळताना चावायला येणारा घोडा बहुधा पाठ, बरगड्या किंवा जठर दुखत असल्याचे सांगत असतो, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर म्हणून रिमोट आहे.

झटका 'अगदी हलका' असतो, प्रशिक्षकांनी तो स्वतःच्या हातावर घेऊन पाहिला आहे, असेही सांगितले जाते. घोड्याला पाठीवर बसलेली माशी जाणवते आणि तो तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो. २०२० मध्ये घोड्याच्या आणि माणसाच्या त्वचेची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली गेली, तेव्हा बाहेरच्या थराची जाडी आणि त्यातील मज्जातंतूंची संख्या यांत दोघांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. घोड्याची कातडी जाड म्हणून त्याला कमी लागते, हा समज त्यामुळे टिकत नाही. त्यातच कोरड्या दाट केसांवर आणि घामाने भिजलेल्या मानेवर एकाच पातळीचा झटका सारखा लागत नाही. प्रशिक्षकाला तो कधी येणार हे ठाऊक होते आणि नको वाटला तर पट्टा काढता येत होता, हा फरकही काही लहान नाही. तारेच्या विद्युत कुंपणाचा दाखला देणाऱ्यांनीही हेच ध्यानात घ्यावे. कुंपण जागचे हलत नाही, घोड्याला ते दिसते आणि त्यापासून दूर राहणे पूर्णपणे त्याच्या हातात असते. गळ्यातल्या पट्ट्यापासून त्याला दूर जाता येत नाही.

नियमांचे म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघ घोड्यावर कोणत्याही प्रकारचे विजेचा झटका देणारे साधन वापरणे हा छळ मानतो. २०२१ मध्ये महासंघाच्या न्यायाधिकरणाने विजेचे काटे, म्हणजे स्वाराच्या टाचेला लावलेली झटका देणारी टोके, वापरणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय स्वाराला १० वर्षांसाठी निलंबित केले. स्वित्झर्लंडच्या पशुसंरक्षण नियमांत घोड्याला विजेच्या साधनाने हाकण्यास किंवा शिक्षा करण्यास मनाई आहे. आपल्या संस्थेचे स्वार उद्या स्पर्धांना जातील, तेव्हा घरी काय शिकून आलो हे त्यांनी तेथे सांगावे की लपवावे, याचेही उत्तर समितीने देऊन ठेवावे.

चाबूक, काटे, लगाम हीसुद्धा दाबाचीच साधने आहेत, मग पट्ट्यालाच विरोध का, असा आक्षेप मला अपेक्षित आहे. चांगल्या स्वारीत घोडा दाबाने शिकत नाही. योग्य प्रतिसाद देताच दाब सुटतो, त्या सुटण्याने तो शिकतो. टाच लागली, घोडा पुढे निघाला, टाच सैल झाली, एवढे त्याला समजते, कारण काय केले म्हणजे सुटका होते ते त्याला दर वेळी स्वतः शोधता येते. झटक्यात असे काही शोधण्यासारखे नसते. तो फक्त 'हे नको' म्हणतो, 'मग काय हवे' हे कधीच सांगत नाही. चाबकाचा गैरवापर करणाऱ्याचे मी समर्थन करत नाही, पण तो गैरवापर इतरांना डोळ्यांनी तरी दिसतो आणि करणाऱ्याला थांबवता येते.

समितीकडे माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

परिपत्रक तत्काळ स्थगित करावे आणि सध्या वापरात असलेले पट्टे आजच उतरवून घ्यावेत. ज्या घोड्यांच्या गळ्यात ते बांधले गेले, त्यांच्या मानेची कातडी पशुवैद्याकडून तपासून घ्यावी, कारण पट्ट्याचे धातूचे खिळे कातडीला घट्ट चिकटलेले राहावे लागतात आणि त्याखाली घाम साचून जखमा होतात.

खोडी असल्याचे ज्यांच्या नावापुढे लिहिले आहे, त्या प्रत्येक घोड्याचे दात, पाठ, पाय, खूर आणि खोगिराची बैठक तपासली जावी, आणि लाकूड धरणाऱ्या व तंग आवळताना चावणाऱ्या घोड्यांची जठराची दुर्बिणीने तपासणी व्हावी. अहवाल मालकांना आणि मोतद्दारांना वाचायला मिळावेत.

प्रत्येक घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या किमान दीड टक्का, शक्य तेथे दोन टक्के, कोरडी वैरण मिळावी. म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला साडेसात ते दहा किलो. ती रात्रभर पुरेल अशी बारीक विणीच्या जाळ्यांतून द्यावी. चंदी वैरणीनंतर द्यावी. प्रत्येक घोडा दररोज काही तास इतर घोड्यांसह मोकळा सोडावा, आणि जेथे भिंतीमुळे शेजारी दिसत नाही तेथे जाळीची खिडकी काढावी. यातला वैरणीचा भाग उद्या सकाळपासून सुरू होऊ शकतो.

खरोखर धोकादायक घोड्यांसाठी, आणि असे घोडे असतात, वर्तनाचा अनुभव असलेल्या पशुवैद्याच्या देखरेखीखाली स्वतंत्र आराखडा करावा. तोपर्यंत त्यांना केवळ अनुभवी माणसांनीच हाताळावे, शिकाऊ मुलांना त्यांच्या ठाणात पाठवू नये, आणि आराखडा ठरवताना त्या घोड्यांचे मोतद्दार बैठकीत बसलेले असावेत.

शेवटची मागणी अशी की, हा विषय सर्वसाधारण सभेपुढे आणावा आणि निर्णय कोणत्या माहितीच्या आधारे घेतला, ती कागदपत्रे सभेपूर्वी सदस्यांना द्यावीत. पट्टा विकणाऱ्या कंपनीचे माहितीपत्रक हाच आधार असेल, तर तेही तसे लिहून द्यावे.

माझ्या घोडीच्या बाबतीत संमतिपत्रावर मी सही करणार नाही, आणि तिच्या गळ्यात असा पट्टा कोणत्याही कारणाने, कोणाच्याही सांगण्यावरून बांधला जाऊ नये, हे या पत्राद्वारे लेखी कळवत आहे. जाळ्या विणणे, वैरणीची नोंदवही ठेवणे आणि मोकळे सोडण्याच्या वेळा पाहणे या कामांसाठी मी आणि माझ्यासारखे काही सदस्य नियमित वेळ द्यायला तयार आहोत. समितीने कोणाकडे यायचे ते सांगावे.

कळावे.

आपली,
संस्थेची एक सदस्य आणि घोडीची मालकीण